विरंगुळ्याची जागा आणि आपला समाज

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त क्रांती चौक येथील भवनात आयोजित व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेसाठी माझे नाव सुचविले गेले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. या व्यासपीठावरून पंडित बोलून गेले, प्राध्यापक आणि डॉक्टर बोलून गेले. मी वाणिज्य शाखेचा साधा पदवीधर. माझे आयुष्य कापडाचे ताके आणि रोजमेळ यांच्या सोबतीने गेले. परंतु अध्यक्षांनी विषयाचे स्वातंत्र्य दिले आणि मी विचारपूर्वक असा विषय निवडला, ज्यावर पंडितांपेक्षाही माझा अधिकार थोडा अधिक असावा. तो विषय म्हणजे रिकामा वेळ, आणि तो घालविण्यासाठी गावात लागणारी जागा. दोन वर्षांपासून आमच्या दुकानात गल्ल्यावर चिरंजीव बसतात. त्यामुळे रिकाम्या वेळेचा अनुभव मला भरपूर आहे.

पुणे, ठाणे यांसारख्या शहरांत महानगरपालिकांनी ज्येष्ठ नागरिकांसाठी जागा बांधल्या आणि त्यांना ‘विरंगुळा केंद्र’ असे सुंदर नाव दिले. नाव मला फार आवडले. मात्र त्या नावाबरोबर एक समजूत रूढ झाली, की विरंगुळा ही म्हाताऱ्यांची गरज आहे. तरुणाला कामधंदा, मुलाला अभ्यास, स्त्रीला घर आणि म्हाताऱ्याला विरंगुळा, अशी आपण वाटणी करून टाकली. ही वाटणी मला मान्य नाही. का, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

माझे बालपण गुलमंडीजवळच्या एका वाड्यात गेले. वाड्याला ओटा होता. आजच्या मुलांना ओटा म्हटले की स्वयंपाकघरातला आठवतो. मी म्हणतो तो दाराबाहेरचा, रस्त्याला लागून असलेला. दुकान वाढविल्यावर बाबूजी त्या ओट्यावर बसत. शेजारी एक सोनार बसत, एक शाळामास्तर बसत आणि समोरच्या गल्लीतले अत्तराचे एक मुस्लिम व्यापारी येत. कोणाला आमंत्रण नव्हते आणि कोणी कशासाठी आला हे विचारण्याची पद्धत नव्हती. त्या ओट्यावर सोयरिकी जुळल्या, भांडणे मिटली, उधाऱ्या बुडाल्याच्या बातम्याही तिथेच प्रथम कळल्या. बाबूजींचे शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झालेले. ते उर्दू वर्तमानपत्र मोठ्याने वाचत आणि मास्तर मराठी वाचत. दोन्हींतल्या बातम्या जुळत नाहीत यावर रात्री नऊपर्यंत वाद चाले.

आमच्या मराठवाड्याला अशा बसण्याचे मोल विशेष आहे, हे नव्या पिढीला माहीत असावे. हैदराबाद संस्थानात १९२९ मध्ये ‘गश्ती निशाण ५३’ हा हुकूम निघाला आणि सरकारी परवानगीवाचून सार्वजनिक सभा घेणे दुरापास्त झाले. अशा काळात वाचनालये आणि गणेशोत्सवातील मेळे हीच माणसे एकत्र येण्याची ठिकाणे होती. वर्तमानपत्र वाचायला चार माणसे जमली, तर त्यांना सभा म्हणता येत नव्हते. बाबूजी सांगत, “आम्ही वाचनालयात जात होतो ते वाचायला कमी आणि एकमेकांची तोंडे पाहायला जास्त.” १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामाची राजवट संपली आणि जमण्याची मोकळीक मिळाली. ती मोकळीक आपण वापरतो किती, हा प्रश्न मला पडतो.

आपल्या या क्रांती चौकाचेच पाहा. १८५७ मध्ये हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळातील शिपायांनी या शहरात उठाव केला. पकडलेल्यांना देहदंड झाला. त्या हुतात्म्यांची आठवण परिसरातील काळा चबुतरा देतो आणि चौकाच्या नावातही तीच आठवण आहे. शिवजयंतीला येथे जनसागर लोटतो. ९ ऑगस्ट २०१६ रोजी मराठा क्रांती मूक मोर्चा येथूनच निघाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या नव्या भव्य पुतळ्याचे अनावरण येथेच झाले. जिल्ह्यातील कोणालाही काही मागणी मांडावयाची असेल तर तो क्रांती चौकात येतो. म्हणजे घोषणा द्यायला, मिरवणूक काढायला, अभिवादन करायला हा चौक सर्वांचा आहे. पण एखाद्या साध्या बुधवारी, संध्याकाळी साडेसहा वाजता, ज्याला कोणतीही मागणी करावयाची नाही अशा माणसाने येथे कोठे बसावे? उड्डाणपुलाखाली? मोठ्या दिवसांसाठी शहराने जागा राखली आहे, साध्या दिवसांसाठी राखलेली नाही.

कोणी म्हणेल, सिद्धार्थ उद्यान आहे, पाणचक्की आहे, उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिर आहे. आहेत, आणि त्यांचा मला अभिमान आहे. पाणचक्कीच्या हौदाकाठी वडाच्या सावलीत लाभणारी शांतता मला मोठमोठ्या शहरांतही आढळली नाही. परंतु उद्यानाला आणि पाणचक्कीला आपण वर्षातून चार वेळा जातो, तेही पाहुणे आले म्हणून. रंगमंदिरात तिकीट काढून अंधारात बसतो. शेजारी कोण होते हेही कळत नाही. हे रंगमंदिर दुरुस्तीसाठी काही वर्षे बंद होते, तेव्हा नाट्यकर्मींनी पुष्कळ आवाज उठविला. आपल्यापैकी किती जणांना त्याची उणीव भासली, हे ज्याचे त्याने सांगावे. मी ज्या जागेविषयी बोलतो आहे ती पायी पाच मिनिटांच्या अंतरावर असावी लागते आणि रोज उघडी असावी लागते.

आता एक कबुली देतो. आमच्या दुकानात आठ माणसे कामाला आहेत. महाराष्ट्र कामगार कल्याण निधीचा १९५३ चा कायदा आपल्यापैकी बहुतेक व्यापाऱ्यांना ठाऊक आहे, पण तो चलनापुरता. जून आणि डिसेंबर असे वर्षातून दोनदा कामगाराच्या पगारातून किरकोळ रक्कम कापावयाची, तिच्या तिप्पट आपली घालावयाची आणि भरणा करावयाचा. हा भरणा मी तीस वर्षे बिनचूक केला. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सेल्समनने पगारपत्रकावर बोट ठेवून विचारले, “शेठ, हे पैसे कापतात, त्यात आम्हाला काय मिळते?” मी निरुत्तर झालो. हिशेबनीस म्हणून मला निधीचे नाव माहीत होते, प्रयोजन माहीत नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की त्या निधीतून राज्यभर कामगार कल्याण केंद्रे चालतात. तेथे वाचनालय असते, शिवणवर्ग असतो, मुलांसाठी शिशुमंदिर असते. कामगारांच्या नाट्यस्पर्धा आणि भजनस्पर्धा होतात. मुंबई इलाख्यात तर सरकारने १९३९ मध्येच अशी केंद्रे सुरू केली होती. गिरणीतून दमून आलेल्या माणसालाही संध्याकाळी एक तास स्वतःचा हवा, आणि तो चार लोकांत घालविता यावा, ही ती दृष्टी होती.

मी त्या सेल्समनला उत्साहाने हे सर्व सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “शेठ, पण दुकान साडेनऊला बंद होते.”

त्यात एक गोष्ट अधिक घडली आहे. पूर्वी १९४८ च्या कायद्याने बाजाराला आठवड्याचा एक दिवस सक्तीची सुट्टी असे. त्या दिवशी सगळा बाजार बंद, म्हणून सगळ्या बाजारातली माणसे एकदम मोकळी. क्रिकेटचा संघ होई, भजनी मंडळ जमे. २०१७ च्या नव्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाचे सर्व दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली आणि कामगाराला पाळीपाळीने सुट्टी. व्यापारी म्हणून मी या मोकळिकीचे स्वागत केले, आजही करतो. परंतु त्यामुळे आमच्या आठ माणसांची सुट्टी आता आठ वेगळ्या प्रकारे पडते. एकाला मंगळवारी, दुसऱ्याला गुरुवारी. सुट्टी मिळते, सोबत मिळत नाही. मग तो घरी मोबाइल पाहत पडून राहतो, किंवा उन्हाळा असेल तर मॉलमध्ये जातो. २०१० मध्ये शहरात पहिला मोठा मॉल आला तेव्हा आम्ही कापडवाले चिंतेत होतो. पण आमचीच माणसे तेथे जातात, ती गार हवेसाठी आणि काही न घेता फिरता येते म्हणून, हे मला नंतर समजले. काही न घेता फिरता येणे! आपल्या भवनात तेवढे तरी येते का?

या विषयावर वाचताना लंडनमधील एका प्रयोगाची माहिती मिळाली. पेकहॅम नावाच्या वस्तीत १९३५ साली दोन डॉक्टरांनी एक मोठी इमारत उभी केली. परिसरातील कोणत्याही कुटुंबाने आठवड्याला एक शिलिंग द्यावा आणि सर्वांनी तेथे यावे. मधोमध पोहण्याचा तलाव, भोवती व्यायामशाळा, उपाहारगृह, खेळघर; आणि आतल्या भिंती काचेच्या. काच अशासाठी, की चहा घेत बसलेल्या माणसाला पोहणारा दिसावा आणि त्यालाही पाण्यात उतरावेसे वाटावे. शिकवायला कोणी मागे लागत नसे. माणूस माणसाला पाहून शिकतो आणि कुटुंब आजारी पडण्यापूर्वीच त्याची तब्येत राखली पाहिजे, असे त्या डॉक्टरांचे म्हणणे होते. युद्धकाळात केंद्र बंद पडले, १९४६ ला पुन्हा उघडले आणि पैशाअभावी १९५० मध्ये कायमचे मिटले. म्हणजे चांगल्या कल्पनेलाही रोकड लागतेच. हे मी कोषाध्यक्षाच्या नात्याने सांगतो. पण मला आठवत राहिली ती काच. आपल्या भवनाच्या दर्शनी भागाला लोखंडी शटर आहे.

येथे मी माझ्या मूळ मुद्द्यावर येतो, आणि तो मला जड जातो.

या भवनाच्या तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला, पूर्वी वाचनालय होते. ज्येष्ठांना ते आठवत असेल. दोन लांब टेबले, बारा खुर्च्या, चार वर्तमानपत्रे आणि धार्मिक ग्रंथांचे एक कपाट. आम्ही गुलमंडी सोडून या भागात राहायला आलो तेव्हा बाबूजींचा ओटा सुटला. काही दिवस ते रोज पायी पैठण गेटवरून जुन्या वाड्याकडे जात. पुढे गुडघे दुखू लागले आणि त्यांनी या वाचनालयात बसायला सुरुवात केली. तेथे आपले लोक येत, तसे मागच्या गल्लीतले एक निवृत्त मुस्लिम शिक्षकही येत. त्यांच्यासाठी आणि बाबूजींसाठी एक उर्दू वर्तमानपत्र लावलेले होते.

२००४ साली मी ट्रस्टचा कोषाध्यक्ष झालो. ताळेबंद पाहिला. वाचनालयाचे उत्पन्न शून्य, खर्च वीज, वर्तमानपत्रे आणि शिपायाचा पगार. मी ठराव मांडला की ही खोली गोदाम म्हणून भाड्याने द्यावी. ठराव एकमताने संमत झाला. माझ्या पहिल्याच वर्षी शिलकीचा ताळेबंद सादर झाला आणि सर्वसाधारण सभेत टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला खूप आवडल्या होत्या.

बाबूजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते संध्याकाळी दुकानात येऊन बसू लागले. एका लाकडी स्टुलावर, साड्यांच्या विभागाजवळ. लग्नसराई होती. गिऱ्हाइकांना वाट मिळेना. एक दिवस मीच त्यांना म्हणालो, “बाबूजी, आपण घरी आराम करा ना.” ते उठले, चपला घातल्या आणि गेले. पुढली तीन वर्षे ते घरीच होते. घरात कशाचीही कमतरता नव्हती. सूनबाई वेळेवर जेवण देत होती, नातवंडे होती, टीव्ही होता. २००७ मध्ये ते गेले. त्या शिक्षकांना मी नंतर एकदाच पाहिले. ते स्मशानभूमीच्या फाटकाशी उभे होते.

आज मी स्वतः संध्याकाळी दुकानात जातो आणि त्याच स्टुलावर बसतो. चिरंजीव अद्याप काही म्हणालेले नाहीत.

हा केवळ माझ्या घरचा प्रश्न असता तर मी व्यासपीठावर आणला नसता. गेल्या दिवाळीत आपल्या भाडेकरूंनी ती खोली रिकामी केली. तिच्यासाठी पहिल्याहून चांगल्या भाड्याचा आणि पाच वर्षांच्या कराराचा प्रस्ताव आला आहे. तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेकराराला धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते, हे मी सभेच्या नजरेस आणून देतो; म्हणजे विचार करण्यास आपल्याला थोडा अवधी आहे. येत्या सर्वसाधारण सभेत विषय निघेल. माझा प्रस्ताव असा आहे की ती खोली भाड्याने देऊ नये, रोज सायंकाळी पाच ते दहा उघडी ठेवावी आणि परिसरातील सर्वांना खुली करावी. दहा ही वेळ मी त्या सेल्समनसाठी म्हणतो.

याला आक्षेप येतील. काही आजच खाजगीत आले आहेत. पहिला आक्षेप आपल्या धर्माचाच आहे आणि तो वजनदार आहे. श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरती आहे. निरुद्देश प्रवृत्ती टाळावी अशी आज्ञा आहे आणि प्रमादचर्या हा त्यातला एक दोष सांगितला आहे. मग समाजाच्या पैशातून लोकांना रिकामे बसायला जागा द्यावी काय? मी शास्त्राचा अभ्यासक नाही. पण अनर्थदंडाच्या त्याच प्रकारांत अपध्यान आणि दुःश्रुतीही आहेत, हे ऐकून माहीत आहे. बंद खोलीत रात्री बारापर्यंत एकटा मुलगा हातातल्या पडद्यावर जे पाहतो आणि ऐकतो, त्याला या दोन शब्दांहून नेमका शब्द मला सापडत नाही. चार लोकांसमोर बुद्धिबळ खेळणारा त्या मानाने पुष्कळ सुरक्षित आहे. शिवाय आपण सूर्यास्तापूर्वी जेवणारा समाज. जे व्रत पाळतात त्यांची संध्याकाळ इतरांपेक्षा दोन तास लांब असते. ती सामायिक आणि प्रतिक्रमणानंतरही उरते.

दुसरा आक्षेप ‘बाहेरचे लोक येतील’ हा. येऊ द्यावेत. ज्या ओट्यावर मी वाढलो तेथे ‘बाहेरचे’ कोण हे मला शेवटपर्यंत कळले नव्हते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदान हवे असेल तर दार सर्वांना उघडे ठेवावे लागेल, हा व्यवहारही त्यात आहे.

कॅरम ठेवला की जुगार सुरू होईल, असे एका बंधूंनी सांगितले. त्यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. कॅरम दर्शनी बाजूला ठेवू आणि शटरच्या जागी काच बसवू.

खरा आक्षेप माझ्याच घरातून आला, आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ पूर्ण तयार नाही. हे भाषण मी सौभाग्यवतींना वाचून दाखविले. ओट्याचे वर्णन संपल्यावर त्या म्हणाल्या, “त्या ओट्यावर तुम्ही बसत होता. आम्ही तो पहाटे झाडत होतो.” खरे आहे. वाचनालय वीस-पंचवीस वर्षे चालले. तेथे एकही भगिनी बसलेली मला आठवत नाही. त्यांच्या वाट्याला हळदी-कुंकू, महिला मंडळाची बैठक आणि पर्युषणातली धावपळ, म्हणजे कशाचे तरी निमित्त. निमित्ताशिवाय बसणे ही चैन आपण पुरुषांनी स्वतःकडे ठेवली. म्हणून दुपारी तीन ते पाच ही वेळ स्त्रियांसाठी राखावी असे मी सुचविले. त्यावर त्या म्हणाल्या, “तीन ते पाच आम्ही निवडणे-टिपणे करतो. आम्हालाही संध्याकाळच हवी आणि स्वयंपाक त्या दिवशी दुसऱ्या कोणी करावा.” ही दुरुस्ती मी प्रस्तावात समाविष्ट केली आहे. तिची अंमलबजावणी ट्रस्टच्या अधिकाराबाहेरची आहे.

राहिला पैसा. भाडे बुडेल, वीज-पाणी आणि एका माणसाचा पगार लागेल. मी आकडे काढून अध्यक्षांकडे दिले आहेत. मंगल कार्यालय म्हणून हे सभागृह वर्षातले मोजके दिवस लागते. त्या उत्पन्नातून खर्च भागतो, मात्र शिल्लक कमी दिसेल. टाळ्या पडणार नाहीत. पहिल्या तीन वर्षांची तूट आली तर ती आमच्या पेढीकडून भरण्याची लेखी हमी मी दिली आहे. त्यास चिरंजीवांची संमती आहे. त्यांनी लगेच सही केली, त्यामागे स्टुलाचाही विचार असावा.

वर्तमानपत्रांची यादी करताना समितीत थोडी चर्चा झाली. दोन मराठी, एक हिंदी, एक इंग्रजी यावर एकमत झाले. उर्दू आता कोण वाचणार, असा प्रश्न आला. आपल्यात ती वाचणारी पिढी संपली हे खरे. मागच्या गल्लीत मी जाऊन विचारून आलो. तेथे आठ-दहा घरे आहेत जिथे ते रोज येते. त्या शिक्षकांचे चिरंजीव भेटले, तेही आता निवृत्त झाले आहेत. म्हणाले, जागा उघडली तर येऊ.

ठराव संमत झाला तर पहिल्या दिवशी खुर्च्या कमी पडतील. दुकानातले स्टूल मी आणून ठेवीन. त्याचा एक पाय डुगडुगतो. खाली पुठ्ठ्याची घडी ठेवावी लागते.

जय जिनेंद्र.